तलाव भरलाय, आता पवायला शिकू

आमच्या तलावात मे महिन्यात पाणी असेल, असं कुणी माझ्या आजीला सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं. आटपाडी तालुक्यात मे महिना म्हणजे टँकरची वाट बघायचा महिना. तलाव होता, पण पाऊस झालाच तर भरायचा, दिवाळीपर्यंत कसाबसा टिकायचा आणि संक्रांतीनंतर त्याच्या तळात पोरं क्रिकेट खेळायची. १९७२ च्या दुष्काळी कामावर बांधलेला हा पाझर तलाव. त्याच्या भरावावर आजीनं मातीच्या पाट्या टाकल्या आहेत, सुकडी खाऊन.

आता टेंभू उपसा योजनेचं पाणी येतं. कऱ्हाडजवळ टेंभूपाशी कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं चढत, कडेगाव-खानापूर ओलांडून आमच्या ओढ्यात पडतं आणि ओढ्यातून तलावात. ते फुकट आलेलं नाही. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या, तेव्हा आमच्या गावची माणसं भाकरी बांधून जायची. समान पाणीवाटपाची भाषा आमच्या घरात मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकलीय. त्या माणसांतली कितीतरी पाणी बघायला उरली नाहीत. म्हणून आवर्तन, म्हणजे योजनेच्या पाण्याची पाळी सुटली, की गावातल्या म्हाताऱ्या बायका अजून ओढ्यावर जाऊन पाण्यात हळदकुंकू सोडतात, आणि मलाही तिथं उभं राहिलं की भरून येतं.

पण मधल्या कोरड्या वर्षांत एक गोष्ट आमच्या हातातून निसटून गेली, आणि तिच्याबद्दल कुणी परिषद भरवली नाही. गाव पोहायला विसरलं.

पूर्वी पोहणं विहिरीत शिकायचं. मी शिकले ती थोरल्या चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या हाताखाली. त्यांची शिकवायची रीत ठरलेली होती. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, झाकण मेण लावून पक्कं केलेलं, कासऱ्यानं पाठीला बांधायचा. ज्यांच्या घरी डबा नसायचा त्यांना पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे दोन ओंडके. तात्या स्वतः आधी उतरायचे, पायऱ्यांच्या खालच्या बाजूला कपारीला धरून थांबायचे आणि मग वरून एकेकाला हाक मारायचे. कुणाला ढकलून दिलेलं मी कधी पाहिलं नाही. इतर विहिरींवर पोरं उचलून फेकायचे, तात्यांना त्याचा राग यायचा. "भ्यालेलं पोरगं पाण्यात आकडतं, आन् आकडलेलं पोरगं बुडतं," म्हणायचे.

पहिले काही दिवस फक्त उताणं पडायचं. हातपाय मारायचे नाहीत. कान पाण्याखाली, हनुवटी वर, नजर आभाळाकडं. विहिरीत उताणं पडलं की आभाळाचा एक गोल तुकडा दिसायचा आणि कपारीतून पारवे उडून जायचे. मग पाय, मग हात. अंगाला पाणी समजू लागलं, की तात्या आम्हाला न सांगता डब्यात तांब्या-तांब्यानं पाणी भरायला सुरुवात करायचे. डबा जड होत जायचा, आधार कमी होत जायचा, आणि एक दिवस डबा सोडून दिला तरी आम्हाला त्याची आठवणही यायची नाही.

शेवटची परीक्षा मात्र कडक असायची. विहिरीच्या मधोमध, अंगावरच्या परकर-पोलक्यासकट, उभं पोहत राहायचं. वर आंब्याखाली तात्या पानाला चुना लावून, सुपारी कातरून, सावकाश पान खायचे. ते संपून पिंक टाकेपर्यंत काठाला हात लावायचा नाही. त्यात पास झालं तरच "आता तू पवणारी" असं म्हणायचे. पुढं कितीतरी वर्षांनी मी वाचलं, की बांगलादेशात मुलांना पोहायला शिकवायचा जो मोठा कार्यक्रम चालतो त्यात गावच्या तळ्यातच बांबूचं मचाण बांधून, बांबूच्या कुंपणात शिकवतात, आणि शिकलं कधी म्हणायचं तर पोर २५ मीटर पोहून गेलं आणि ३० सेकंद जागच्या जागी तरंगलं, की. त्यातच काठावरून दुसऱ्याला कसं वाचवायचं तेही शिकवतात. ज्या गावांत हे झालं तिथं मुलांचे बुडून होणारे मृत्यू खूपच कमी झाले. तात्यांच्या विहिरीत आणि तिथल्या तळ्यात मला एकच शहाणपण दिसलं. तिथं त्याची नोंद झाली, शिकवणारे तयार झाले. आमच्याकडं ते तात्यांबरोबर गेलं.

कारण विहिरी आटल्या. मग बोअर आल्या, पाचशे फूट, सहाशे फूट, आणि आटलेल्या विहिरींत कचरा पडू लागला. आज गावात जी पोरं वीस-तीस वर्षांची आहेत, त्यांनी जन्मात कधी भरलेली विहीर बघितली नाही, तर ती पोहणार कुठून? आणि त्यांच्या पोरांच्या वाट्याला एकदम भरलेला तलाव आला आहे.

त्यात आमच्या भागाची आणखी एक गोष्ट. खानापूर-आटपाडीकडची कितीतरी घरं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळायची दुकानं केरळात, तामिळनाडूत, दिल्लीत, कोलकात्यात. या घरांची पोरं खरसुंडीच्या चैत्री यात्रेला नाहीतर गावच्या यात्रेला म्हणून उन्हाळ्यात गावी येतात. महिनाभर आजीकडं राहतात. घरात कूलर असला तरी दुपारी जीव नकोसा होतो, आणि गावाबाहेर निळंशार पाणी पसरलेलं दिसतं. त्यातली काही तिकडं स्विमिंग पूलमध्ये पोहायला शिकलेली असतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते. पूलमध्ये तळ दिसतो, खोली भिंतीवर लिहिलेली असते, दमलं की चार हातांवर कठडा असतो. तलावात स्वतःचा हात कोपरापुढं दिसत नाही. पलीकडचा काठ पाण्यावरून नेहमी जवळ वाटतो. मे महिन्यात वरचं पाणी कोमट असतं आणि पाय खाली सोडले की एकदम गार लागतं, त्यानं छाती भरून येते आणि श्वास अडखळतो. पोहता येणाऱ्या पोराचाही धीर तिथं सुटतो.

आकडे सांगायचे तर, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात देशात ३८ हजारांहून जास्त माणसं बुडून गेल्याची नोंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडाली. संयुक्त राष्ट्रांनी त्याच वर्षापासून २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावासाठी पाळायचा ठरवला आहे. आमच्या पंचक्रोशीत तो दिवस कुणाला ठाऊक नाही. कुठं काही घडलं की पेपरात चार ओळींची बातमी येते, आणि मग तलावावर पाटी लागते: पोहण्यास सक्त मनाई आहे.

या पाटीबद्दल माझं स्पष्ट मत आहे. काही ठिकाणी मनाई हवीच. कास तलावाचं पाणी सातारा शहर पितं, तिथं पोहायचा विचारही कुणी करू नये. धरणाच्या दरवाजांजवळ, वाहत्या सांडव्याखाली, कालव्यात तर मुळीच नाही. कालव्याचं सिमेंट शेवाळलेलं असतं, पाण्याला ओढ असते आणि पुढं कुठल्या मोरीत नेऊन घालील याचा नेम नसतो. पण गावच्या तलावावर नुसती पाटी लावून पोरं थांबत नाहीत. ती पाटीपासून लांब, कुणाला दिसणार नाहीत अशा बाजूला जातात. आमच्या तलावाची ती बाजू म्हणजे सगळ्यात खोल आणि सगळ्यात वाईट बाजू. म्हणजे मनाईनं आपण पोरांना उथळ पाण्यातून उचलून खोल पाण्यात टाकतो, आणि तेही बघणारं कुणी नसताना. त्यापेक्षा एक जागा ठरवावी, वेळ ठरवावी, माणूस ठेवावा आणि शिकवावं.

हे करायचं म्हटल्यावर पहिली गोष्ट आम्ही केली ती पाण्यात उतरण्याची नव्हे. आवर्तन यायच्या आधी, तलाव तळाला गेलेला असताना, आम्ही काहीजण त्याच्या तळातून चालत फिरलो. तात्यांचा मुलगा, मासेमारी करणारे दोघं भाऊ, शाळेतले एक सर आणि मी. मला वाटतं, कुठल्याही गावानं आपल्या तलावात पोरं सोडायच्या आधी हे एकदा करावंच. पाणी उतरलं की तलाव आपलं सगळं उघडं करून दाखवतो.

तिथं जे दिसलं ते लिहायला हवं. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेत ठिकठिकाणच्या तलावांतला गाळ काढला गेला. काम चांगलं होतं, शेतं सुधारली, साठा वाढला. पण पोकलेननं गाळ काढला की उतार राहत नाही, सरळ कापलेले खड्डे राहतात. आमच्या तलावात असे खड्डे भरावापासून थेट फुगवट्याच्या, म्हणजे पाणी मागं पसरतं त्या बाजूपर्यंत आहेत, आणि त्यातल्या काहींत मी उभी राहिले तर काठ माझ्या डोक्याच्या वर येत होता. म्हणजे पाणी भरल्यावर गुडघाभर पाण्यात खेळणारं पोर पुढचं एक पाऊल टाकतं आणि पायाखाली काहीच नसतं. जिन्याची शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. जुनी माणसं सांगतात, "आमच्या वक्ताला हितं कमरंएवढंच पाणी असायचं." ते खरं सांगत असतात, पण तो तलाव आता राहिलेला नाही.

दुसरी वेडी बाभूळ. तलाव कोरडा असायचा त्या वर्षांत तिनं तळात रान माजवलं होतं. पाणी आल्यावर झाडं कुजली, पण बुडखे आणि काटेरी फांद्या अजून उभ्या आहेत, पाण्याखाली, वरून न दिसता. सूर मारणाऱ्याच्या छातीत काय घुसेल याची कल्पना केली तरी अंगावर काटा येतो. तलावात सूर मारायचा नाही, हा आमचा नियम तिथं उभं राहूनच ठरला. उडी मारायची हौस असेल तर पायावर, आणि तीही आधी उतरून तळ चाचपलेल्या जागी.

तिसरा गाळ. ओढा जिथं तलावाला मिळतो तिथं काळा, लोण्याएवढा मऊ गाळ साचतो. त्यात पाय रुतला की माणूस घाबरून दुसरा पाय रोवतो, आणि तिथंच घात होतो. अशा वेळी उभं राहायचा हट्ट सोडून आडवं व्हायचं, पाण्यावर पोट टाकायचं आणि हातानं अंग ओढत यायचं.

आणि चौथी गोष्ट, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही: मोटारी. तलावाच्या काठानं शेतकऱ्यांच्या मोटारी आहेत. केबल पाण्यातून गेलेल्या, मधे जोड, त्यावर चिकटपट्टी. शेतीची लाईट पाळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. लाईट नसताना ती जागा निर्धोक वाटते. लाईट आली, की ऑटो स्टार्टरवरच्या मोटारी आपोआप सुरू होतात आणि जोड उघडा असेल तर पाण्यात करंट उतरतो. शिवाय फूटव्हॉल्वची, म्हणजे पाणी खेचणाऱ्या पाइपच्या तोंडाची ओढ असतेच. मोटारींच्या बाजूला पोहायचं नाही, लाईट असो वा नसो. हे आम्ही शेतकऱ्यांनाही सांगितलं, आणि आनंदाची गोष्ट अशी, की दोघातिघांनी केबल बदलून पाण्याबाहेरून घेतल्या. कुणी वाद घातला नाही. आपल्या मोटारीपायी एखादं पोर जावं असं कुणालाच वाटत नसतं, फक्त कुणीतरी येऊन शांतपणे सांगावं लागतं.

मासेमारीच्या जाळ्यांचंही असंच. नायलॉनचं बारीक जाळं पाण्यात दिसत नाही, बोटांत, चपलेच्या पट्ट्यात अडकतं आणि सोडवायला जावं तसं आणखी गुंतत जातं. मासेमारी करणाऱ्या त्या भावांनी पोरं पोहतील त्या बाजूला जाळं टाकायचं नाही असं कबूल केलं. जाळ्याची रेघ कुठून कुठं आहे ते दाखवायला ते पांढऱ्या बाटल्या सोडतात. बाटल्यांच्या पलीकडं जायचं नाही, एवढं पोरांना कळलं तरी पुरतं.

एवढं सगळं बघून आम्ही एक तुकडा निवडला. फुगवट्याकडचा, मुरमाड तळाचा, जिथं उतार हळूहळू जातो. कापलेल्या खड्ड्यांच्या कडेला बांबू रोवून त्यांना लाल फडकी बांधली. पाणी चढलं तसे काही बांबू पुढं-मागं करावे लागले. पोहायचं ते काठाला समांतर, छातीभर पाण्याच्या रेघेवर, म्हणजे दमलं की पाय टेकतात. आरपार जायची पैज लावायची नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यांनीसुद्धा नाही. त्यांनी तर नाहीच, कारण त्यांचं बघून मागनं लहान निघतात.

वेळ सकाळची, चांगलं उजाडल्यावर. आमच्याकडं उन्हाळ्यात दुपारनंतर वारा सुटतो, पाण्यावर लाटा उठतात आणि भरावाच्या दगडी पिचिंगवर, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांवर आपटतात. त्या पिचिंगवर शेवाळ असतं, चढायला हात टिकत नाही. त्यात वळवाचे दिवस असले तर गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर, ढग डोक्यावर यायची वाट बघायची नाही. पाण्यावर हिरव्या रंगाची साय आली असेल आणि वास येत असेल तर त्या आठवड्यात उतरायचं नाही, जनावरांनाही पाजायचं नाही.

आणि एकटं कुणी उतरायचं नाही. काठावर एक माणूस असा, जो पोहणार नाही, मोबाइल बघणार नाही, फक्त डोकी मोजत बसेल. हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोठं. त्याच्याजवळ लांब दोर, त्याला बांधलेला पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन, आणि एक लांब बांबू. पाण्यातल्या प्रत्येकाच्या कमरेला दोरीनं नारिंगी फुगा नाहीतर तसाच कॅन, आणि अंगात भडक कपडे. निळा, पांढरा, राखाडी रंग पाण्यात हरवतो.

काठावरच्या माणसाला आम्ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. बुडणारा ओरडत नाही. सिनेमात हात हलवून हाका मारतात तसं होत नाही. तोंड पाण्याच्या रेघेवर वर-खाली होत राहतं, मान मागं पडलेली, डोळे काचेरी, अंग उभं, आणि श्वास घ्यायलाच पुरत नाही तिथं हाक कुठून फुटणार? मिनिटभरात सगळं संपतं. म्हणून एखादं पोर अचानक गप्प झालं तर लगेच नाव घेऊन विचारायचं, "काय रं, बरा हायस का?" उत्तर आलं नाही तर दोर फेकायचा.

दोर फेकायचा, स्वतः उडी मारायची नाही. हे सांगताना मला नेहमी जड जातं, कारण आपल्या माणसाला बुडताना बघून थांबायचं हे कुणाला जमणार? पण आपल्याकडच्या बातम्या वाचा. एक घसरते, तिला धरायला बहीण जाते, तिच्यामागं आई. बुडणारा माणूस जे हाताला लागेल त्याला मिठी मारतो आणि दोघंही खाली जातात. बांबू द्यावा, कॅन फेकावा, काही नसेल तर ओढणी, लुगडं, पँट, दोन-तीन एकाला एक बांधून. तामिळनाडूत पेरांबलूर जिल्ह्यात २०२० साली धरणाच्या पाण्यात चार तरुण बुडत होते. काठावरच्या तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या आणि दोघांना ओढून काढलं. त्या बायकांची आठवण मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते.

बाहेर काढल्यावर काय करायचं ते आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी गावाला बाहुलीवर करून दाखवलं. पोट दाबायचं नाही, उलटं टांगायचं नाही, पाठीवर टाकून पळायचं नाही. मिठात झाकून ठेवलं की माणूस जिवंत होतो असा एक मेसेज दर वर्षी फिरतो, तो तर महापाप आहे, कारण त्यात हातातली मिनिटं जातात. श्वास चालू नसेल तर आधी तोंडानं श्वास द्यायचे, कारण बुडालेल्याला हवाच मिळालेली नसते. मग छातीवर ३० दाब, २ श्वास, असं न थांबता. दुसऱ्यानं तेवढ्यात १०८ ला फोन लावायचा. पोर खोकून उठून बसलं तरी दवाखान्यात न्यायचंच.

तलाव बाजूला ठेवून आता शेततळ्याबद्दल बोलते, कारण त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. आटपाडीचं डाळिंब शेततळ्यांवर उभं आहे. २०१६ मध्ये मागेल त्याला शेततळे ही योजना आली आणि त्यानंतर तर प्रत्येक बांधाआड एक निळं-काळं चौकोनी पाणी दिसू लागलं. त्याच्या तळाला आणि चारी बाजूंना प्लास्टिकचा कागद असतो. ओला झाला की त्यावर मांजराचं नखही टिकणार नाही. तीन मीटर खोल पाणी, आणि बाहेर यायला धरायला काही नाही. उत्तम पोहणारा माणूससुद्धा काठाशी येऊन येऊन दमतो. शेततळ्यात पोहायचं नाही, कधीच नाही, मालक सोबत असला तरी नाही. आणि ज्यांचं शेततळं आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: कुंपण घाला, त्याला कुलूप लावा, आणि चारी बाजूंनी हातभर अंतरावर गाठी मारलेले जाड दोर पाण्यात सोडून ठेवा. वरची टोकं खुंट्यांना पक्की बांधा. नुसत्या दोरांना तर फारसा खर्चही येत नाही.

कृष्णाकाठच्या वाचकांसाठी एवढंच, की तिथला हिशेब वेगळा. भिलवडी, औदुंबर पट्ट्यात नदीत मगरी आहेत. उन्हाळा हा त्यांच्या अंड्यांचा आणि पिलांचा काळ. तिथं पोहायचं की नाही हे घाटावरच्या नावाड्यांना आणि वनखात्याच्या माणसांना विचारून ठरवावं, आणि ते नाही म्हणाले तर नाही.

आमच्याकडं सगळ्यात अवघड गेलं ते मुलींचं. पोरं बनियनवर उतरतात, कुणी काही बोलत नाही. पोरींनी पोहायचं म्हटल्यावर गावात कुजबुज झाली. पण कपडे धुवायला, जनावरं धुवायला तलावावर जातं कोण? बायकाच. पिचिंगवरून पाय घसरायची पाळी त्यांच्यावरच येते, आणि अंगावरची साडी ओली होऊन पायांना गुंडाळते ती त्यांच्याच. मी हे आमच्या भावकीतल्या एका थोरल्या काकींना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या नातीला पयली घे. आन् मी बसतीया काठावर, बघू कोण काय बोलतंय." त्या खरंच येऊन बसल्या. डोकी मोजायला त्यांच्याइतकं पक्कं माणूस आम्हाला मिळालं नाही. पोरी आता लेगिंग आणि बाह्यांचा टी-शर्ट घालतात, ओढण्या काठावर काकींच्या मांडीवर. सुरुवात तात्यांच्या रीतीनंच, आधी उताणं.

उताणं पडलं की काय होतं ते मला शब्दांत सांगायचं आहे, कारण नुसत्या धोक्यांची यादी वाचून कुणी पाण्यावर प्रेम करणार नाही. कान पाण्याखाली गेले की गाव बंद होतं. स्वतःचा श्वास ऐकू येतो, लांबच्या मोटारीची घरघर पाण्यातून वेगळीच ऐकू येते. पाठीखाली गार, पोटावर ऊन. एखादी टिबुकली जवळच वर येते, माणूस बघून परत बुडी मारते आणि भलतीकडंच निघते. पाणकावळे बाभळीच्या शेंड्यावर पंख पसरून वाळवत बसलेले असतात. डोंगरावरच्या पवनचक्क्या सावकाश फिरतात. जे पाणी माझ्या आजीनं डोक्यावरून घागरी-घागरीनं आणलं, त्यात आपण अख्ख्या अंगानं पडलो आहोत याचं मला दर वेळी नवल वाटतं, आणि तो आनंद गावातल्या प्रत्येक पोरीला मिळावा असं तीव्रतेनं वाटतं. काकींची नात पहिल्यांदा कॅन सोडून तरंगली तेव्हा हसायला लागली, हसताना नाकात पाणी गेलं, ठसका लागला, पण घाबरली नाही. पाय टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, "परत."

ग्रामसभेत आम्ही तीन गोष्टी मागितल्या होत्या. पाटी बदलली आहे: आता तिच्यावर पोहायची जागा कुठली, वेळ कुठली, मोटारी आणि खड्डे कुठं, असा नकाशा आहे आणि खाली १०८. भरावाजवळच्या लिंबाला लोखंडी हूक मारून दोर आणि कॅन टांगले आहेत. ते कुणी नेऊ नयेत म्हणून शाळेची पोरं रोज येता-जाता बघतात. तिसरी, पाण्यात बांबूचं मचाण, ते अजून व्हायचं आहे. बांबू आलेत, सुट्टी लागली की बांधायला घेऊ.

गलाईवाल्या घरांनो, यंदा यात्रेला याल तेव्हा पोरांना घेऊन सकाळी सातला फुगवट्याच्या बाजूला या. आधी काकींना भेटा आणि पोरांची नावं सांगा, त्या वहीत लिहून घेतात. पूलमध्ये शिकलेल्यांनाही सुरुवात उताण्यापासूनच करावी लागेल. कॅन आणायची गरज नाही, आम्ही धुऊन, झाकणं तपासून ठेवलेत. मचाण बांधायला मात्र हात कमी पडतायत.